भौतिकशास्त्र घेऊन काय होणार?



दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. मुलाला किंवा मुलीला भौतिकशास्त्र आवडते, गुणही चांगले असतात. पण "सर, नुसतं फिजिक्स घेऊन पुढे काय होणार? फार तर मास्तर!" असे म्हणून आई-वडील आमच्याकडे पाहतात. आम्ही स्वतः भौतिकशास्त्र घेऊन मास्तरच झालो असल्यामुळे या प्रश्नाला उत्तर देताना आमची थोडी पंचाईत होते, हे ओघानेच आले.

यंदा या नेहमीच्या प्रश्नाला एक जोड मिळाली आहे. काही पालकांनी विश्वस्त मंडळाकडे लेखी सूचना केली आहे की अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या तासिका निम्म्यावर आणाव्यात, आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा दुपारनंतर प्रवेश परीक्षांच्या शिकवणीसाठी बाहेरच्या वर्गाला द्यावी. मुलांचे भंवरकुआंपर्यंतचे जाणे-येणे वाचेल, वेळ वाचेल आणि शाळेला भाडेही मिळेल, असे त्यांचे म्हणणे आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात कसलीही शंका नाही. आपल्या मुलांचे भले व्हावे म्हणूनच त्यांनी हे सुचवले आहे. मंडळ पुढील बैठकीत यावर विचार करणार आहे. त्यापूर्वी शाळेचे प्राचार्य या नात्याने आमचे मत सर्वांसमोर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

केवळ मत सांगितले तर ते उपदेशासारखे वाटेल. म्हणून एका माणसाची हकीकत सांगतो. हा माणूस शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. पुढे तो जगातल्या एका मोठ्या कंपनीचा संस्थापक आणि पहिला मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. कंपनीचे नाव इंटेल, आणि माणसाचे नाव रॉबर्ट नॉइस.

नॉइसचा जन्म १२ डिसेंबर १९२७ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यात झाला. आयोवा म्हणजे आपल्या माळव्यासारखाच शेतीचा प्रदेश. आपल्याकडे गहू-सोयाबीन, तिकडे मका-सोयाबीन. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. चार भावांत रॉबर्ट तिसरा. वडिलांच्या बदल्यांमुळे घर गावोगाव फिरले आणि शेवटी ग्रिनेल नावाच्या लहानशा गावी स्थिरावले. घरात पुस्तके होती, शिक्षणाची ओढ होती, पण पैसा बेताचाच होता.

या मुलाला हाताने काही ना काही करून पाहण्याचा नाद होता. १९४० च्या उन्हाळ्यात, म्हणजे बारा वर्षांचा असताना, त्याने आणि त्याच्या भावाने माणूस बसू शकेल एवढे बिनइंजिनाचे विमान तयार केले आणि ते कॉलेजच्या तबेल्याच्या छपरावरून उडवून पाहिले. (विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करू नये!) त्याने स्वतः रेडिओ जोडला. जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर काढून तिला पंखा लावला आणि तो बर्फावरच्या घसरगाडीला बसवला. शाळेच्या शेवटच्या वर्षी गावातल्याच ग्रिनेल कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाला बसण्याची परवानगी त्याला मिळाली. तिथे त्याची गाठ प्राध्यापक ग्रँट गेल यांच्याशी पडली. आमच्या मते नॉइसच्या आयुष्यातली ही सर्वांत महत्त्वाची भेट होय.

यानंतरचा एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण तो शाळा चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९४८ च्या वसंत ऋतूत वसतिगृहातल्या मुलांनी मेजवानी ठरवली. मेजवानीसाठी हवे होते डुकराचे पिल्लू. नॉइस आणि त्याचा एक मित्र रात्री जवळच्या शेतावर गेले आणि पिल्लू चोरून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागले, म्हणून दोघेही शेतकऱ्याकडे गेले, चोरी कबूल केली आणि पैसे देऊ केले. पण तो शेतकरी नेमका गावाचा महापौर निघाला! आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यात जनावराची चोरी हा गंभीर गुन्हा मानला जाई आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. प्रकरण कॉलेजबाहेर गेले असते, तर मुलाचे आयुष्य तिथेच संपले असते.

गेल सर आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले. शेतकऱ्याला भरपाई मिळाली आणि पोलिसांचा प्रश्न मिटला. पण शिक्षा टळली नाही. नॉइसला एका सत्रासाठी कॉलेजमधून निलंबित केले गेले. ते महिने त्याने न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीत आकडेमोडीचे काम करत काढले आणि जानेवारी १९४९ मध्ये तो परत आला.

त्याच्या गैरहजेरीत विज्ञानाच्या जगात एक मोठी गोष्ट जाहीर झाली होती. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता आणि जून १९४८ मध्ये तो जगासमोर आला. शोध लावणाऱ्यांपैकी जॉन बार्डीन यांच्याशी गेल सरांची ओळख होती. बेल प्रयोगशाळेचे प्रमुख तर ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी होते. गेल सरांनी पत्रे लिहिली, साहित्य मागवले, आणि एका लहान गावातल्या लहान कॉलेजात, मोठमोठ्या विद्यापीठांत हा विषय अजून रुळलेला नसताना, मोजक्या मुलांना घेऊन ट्रान्झिस्टरचा अभ्यास सुरू केला. परत आलेला नॉइस त्यांत होता. १९४९ मध्ये भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन तो पदवीधर झाला.

आता विचार करा. पिल्लाच्या प्रकरणात कॉलेजने त्याला कायमचे काढून टाकले असते, तर शेवटच्या सत्रात गेल सरांबरोबर ट्रान्झिस्टर हाताळायला तो तिथे नसता. उलट काहीच शिक्षा न करता सोडून दिले असते, तर कदाचित वेगळाच धडा तो शिकला असता. शिक्षा करावी, पण दार बंद करू नये, हे त्या कॉलेजला कळले होते.

पुढे नॉइस बोस्टनजवळच्या एम.आय.टी. या संस्थेत गेला आणि १९५३ मध्ये त्याने भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. तीन वर्षे फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीत काम केले. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉकली यांनी कॅलिफोर्नियात नवी प्रयोगशाळा काढली आणि हुशार तरुणांना गोळा केले. त्यांत नॉइस होता. त्याच वर्षी शॉकली यांना बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्वत्ता आणि माणसे सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे शॉकली हे ठळक उदाहरण. त्यांचा सहकाऱ्यांवर विश्वास नव्हता. संशय इतका की एकदा खोटे पकडण्याच्या यंत्राची चाचणी करण्यापर्यंत वेळ गेली. वर्षभरात तरुण मंडळी कंटाळली. सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जणांनी एकदम नोकरी सोडली. त्यांत भौतिकशास्त्राचे होते, रसायनशास्त्राचे होते, धातुशास्त्राचे होते, यंत्र अभियांत्रिकीचे होते. सगळ्यांत शेवटी तयार झाला तो नॉइस, आणि तो आल्यावरच मंडळींना नेता मिळाला. प्रत्येकाने पाचशे-पाचशे डॉलर घातले, फेअरचाइल्ड नावाच्या कॅमेरे आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने भांडवल दिले, आणि फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभी राहिली. पहिली मोठी मागणी आय.बी.एम.ची होती: १०० ट्रान्झिस्टर, दर नगाला १५० डॉलर.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. सिलिकॉन हा अर्धवाहक पदार्थ आहे. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो, तेव्हा याला 'अर्धचालक' म्हणत असू. इकडे मराठीत शिकवायला लागलो तेव्हा 'अर्धवाहक' शब्द जिभेवर बसायला वर्ष गेले. शब्द कोणताही असो, अर्थ एकच. तांब्यासारखा तो वीज सहज वाहू देत नाही आणि काचेसारखा पूर्ण अडवतही नाही. त्यात अगदी अल्प प्रमाणात दुसरे मूलद्रव्य मिसळले की वीज केव्हा आणि किती वाहावी हे आपल्याला ठरवता येते. ट्रान्झिस्टर चालतो तो याच गुणावर.

त्या काळी सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर एकाच वेळी पुष्कळ ट्रान्झिस्टर तयार करत. मग चकती कापून ते सुटे करत. कामगार स्त्रिया सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने त्यांना बारीक तारा जोडत. हे सुटे ट्रान्झिस्टर ग्राहकाकडे गेले की तो ते पुन्हा एका पट्टीवर एकमेकांना जोडत बसे. म्हणजे आधी तोडायचे आणि मग जोडायचे! नॉइसने जानेवारी १९५९ मध्ये आपल्या वहीत एक साधी गोष्ट लिहिली: तोडायचेच कशाला? नॉइसचे सहकारी जाँ होर्नी यांनी चकतीवर काचेसारख्या ऑक्साइडचा संरक्षक थर ठेवण्याची पद्धत शोधली होती. नॉइसला सुचले की त्या थराच्या वर अॅल्युमिनियमच्या बारीक रेघा ओढल्या तर त्याच तारांचे काम करतील. ट्रान्झिस्टर, रोध, जोडण्या, सगळे एकाच तुकड्यावर. हेच एकात्मिक परिपथ, ज्याला आज आपण चिप म्हणतो.

या शोधाचा मान नॉइसचा एकट्याचा नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतल्या जॅक किल्बी यांनी सप्टेंबर १९५८ मध्येच असा परिपथ चालवून दाखवला होता. पण त्यांच्या नमुन्यात जोडण्या बाहेरून तारांनी केलेल्या होत्या, त्यामुळे तो कारखान्यात मोठ्या संख्येने बनवणे कठीण होते. नॉइसची रचना उत्पादनाला सोयीची ठरली. दोन्ही कंपन्यांत अनेक वर्षे कोर्टकज्जे चालले. आज दोघांनाही सहशोधक मानतात. २००० साली किल्बी यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. नॉइस तेव्हा हयात नव्हता, आणि मरणोत्तर नोबेल दिले जात नाही.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. नॉइस १९५९ मध्येच फेअरचाइल्ड सेमिकंडक्टरचा व्यवस्थापक झाला होता. व्यवस्थापनाची पदवी त्याच्याकडे नव्हती. होती ती भौतिकशास्त्रज्ञाची सवय: एखादी गोष्ट मूळ कारणापर्यंत नेऊन पाहायची, हिशोब मांडायचा आणि मग करून बघायचे. १९६४ च्या सुमारास चिप महाग होती, म्हणून कोणी घेत नव्हते. आणि कोणी घेत नव्हते म्हणून ती महाग होती. नॉइसने ठरवले की तेवढेच काम करणारे सुटे भाग ज्या किमतीला पडतात, त्याहूनही कमी किमतीला चिप विकायची. प्रत्यक्ष खर्च तेव्हा त्याहून जास्त होता! व्यापाऱ्याला हे वेडेपण वाटेल. पण उत्पादन वाढले की दर चिपमागचा खर्च किती वेगाने उतरेल, हे ज्याला आतून माहीत होते त्याच्यासाठी तो हिशोब होता. तसेच झाले. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकातही फेअरचाइल्डच्या चिप होत्या.

जुलै १९६८ मध्ये नॉइस आणि त्याचे मित्र गॉर्डन मूर फेअरचाइल्ड सोडून बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. मूर रसायनशास्त्राचे. भौतिक आणि रसायन, दोन्ही 'नुसते सायन्स'वाले! नॉइस तेव्हा चाळीस वर्षांचा होता. नाव एवढे झालेले होते की सुमारे २५ लाख डॉलरचे भांडवल झटपट उभे राहिले.

इंटेलमध्ये त्याने मोठ्या साहेबाची खोली घेतली नाही. इतरांसारखेच त्याचे टेबल. गाडी लावायला राखीव जागा नाही. आधी येईल त्याला जागा मिळे. साध्या अभियंत्यालाही थेट त्याच्याकडे जाऊन बोलता येत असे. याचा उपयोग कसा झाला पाहा. बिझिकॉम या जपानी कंपनीला गणनयंत्रासाठी बारा वेगवेगळ्या चिप हव्या होत्या. टेड हॉफ या तरुण अभियंत्याला वाटले की इतक्या चिपऐवजी सूचना बदलून कोणतेही काम करू शकेल अशी एकच मुख्य चिप करता येईल. कंपनी लहान होती, हाताशी माणसे कमी होती. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने "आधी दिलेले काम कर" म्हणून परत पाठवले असते. नॉइसने त्याला पुढे जायला सांगितले. फेडेरिको फॅगिन, स्टॅन मेझर आणि मासातोशी शिमा यांच्या श्रमांतून नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल ४००४ ही चिप बाजारात आली. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आपल्या घरातल्या संगणकाचा आणि मोबाइलचा वंश तिथून सुरू होतो.

तो सर्वगुणसंपन्न होता असे सांगून आम्ही मुलांची फसवणूक करणार नाही. कुणाला नाही म्हणणे, कुणाला कामावरून काढणे नॉइसला जमत नसे. फेअरचाइल्डच्या शेवटच्या काळात कारभार सैल झाला, याचा दोष सहकारीही त्याला देत. १९७४ च्या मंदीत इंटेलला पुष्कळ माणसे कमी करावी लागली, ते त्याला फार जड गेले. १९७५ मध्ये त्याने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद मूर यांच्याकडे सोपवले. रोजच्या कारभाराची शिस्त अँडी ग्रोव्ह यांनी पाहिली. आपल्याला काय येत नाही हे ओळखून, ते ज्याला येते त्याच्या हाती सोपवणे हीही एक मोठी पात्रता आहे. खुर्चीला चिकटून राहणाऱ्यांच्या या जगात ती दुर्मिळच म्हणायची.

१९८८ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्याने पुन्हा एक अवघड काम अंगावर घेतले. जपानी कंपन्यांपुढे अमेरिकेचा चिप उद्योग मागे पडत होता. एकमेकांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या १४ कंपन्या आणि सरकार यांनी मिळून सेमाटेक ही संशोधन संस्था काढली होती. तिचे प्रमुखपद घेऊन नॉइस टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरी गेला. तिथेच ३ जून १९९० रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय होते ६२.

ही झाली हकीकत. आता तिच्यातून आम्हाला काय म्हणायचे आहे ते सांगतो.

कुणी म्हणेल, हजारात एक नॉइस होतो, उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचे काय? प्रश्न रास्त आहे. भौतिकशास्त्र घेतले की प्रत्येक जण मोठ्या कंपनीचा प्रमुख होईल असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे जाहिरात झाली. प्रवेश परीक्षांना मुलांनी बसू नये असेही आम्ही म्हणत नाही. आमच्या शाळेची मुले चांगल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातात, तेव्हा आम्हालाही अभिमानच वाटतो. शिवाय नॉइसचा काळ वेगळा होता. युद्धानंतरची अमेरिका विज्ञानावर पाण्यासारखा पैसा ओतत होती. आपल्या मुलांपुढे तशी परिस्थिती नाही, हेही खरे.

आमचा मुद्दा एवढाच आहे की या आयुष्याचा पाया कुठे पडला ते पाहा. तो इंटेलमध्ये पडला नाही, एम.आय.टी.मध्येही नाही. लहान गावातल्या एका शिक्षकाने अभ्यासक्रमात नसलेली नवी गोष्ट मुलांसमोर ठेवली, तिथे तो पडला. त्याआधी, जुनी मोटर खोलून बघायला कुणी मनाई केली नाही, त्या घरात पडला. या दोन्ही गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागते ती जागा, वेळ आणि "करून बघ" म्हणणारा माणूस. आपली प्रयोगशाळा म्हणजे तीच जागा आहे, आणि प्रात्यक्षिकाच्या जोड-तासिका म्हणजे तोच वेळ.

प्रात्यक्षिकात काय होते हे पालकांनी एकदा येऊन पाहावे. बारावीची मुले पी-एन जंक्शन डायोडचा आलेख काढतात. पुस्तकात तो आलेख छापलेला आहे, उत्तर सगळ्यांना माहीत आहे. तरी पहिल्या खेपेला काटा हलतच नाही. एक मुलगा म्हणतो डायोड गेला, दुसरी म्हणते बॅटरी उतरली. मग एक-एक तार तपासत जावे लागते आणि शेवटी जोडणी उलटी झालेली सापडते. हा अर्धा तास वाया गेला असे वाटते. आमच्या मते दोन तासांतला तोच खरा अभ्यास. चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याचा सराव शिकवणीत उत्तम होतो. पण पर्यायच दिलेले नसतात, काटा हलत नाही आणि का हलत नाही ते कुणीच सांगत नाही, अशा वेळी काय करायचे, हे प्रयोगशाळेतच शिकायला मिळते. पुढे कारखाना चालवा, दवाखाना चालवा की दुकान चालवा, रोजचे प्रश्न याच दुसऱ्या जातीचे असतात.

आज तर शाळेत नाव घालायचे आणि दिवसभर शिकवणीला बसायचे, असे 'डमी प्रवेश' सर्रास होऊ लागले आहेत. प्रयोगवही कुणाची तरी उतरवून काढायची, परीक्षेला आकडे पाठ करून जायचे. यातून गुण मिळतात, पण ज्या वयात हाताला आणि डोळ्याला सवय लागायची, ते वय निघून जाते. पुढे कितीही पैसे भरले तरी ते परत येत नाही.

'पुढे काय' हा प्रश्न मात्र आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. २००८ पासून भोपाळला विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था, म्हणजे आयसर, आहे. आपल्या शहरात होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ पासून उभे आहे. राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये इथेच झाली, आणि तिथल्या इंडस-१ व इंडस-२ या यंत्रांच्या प्रकाशावर संशोधन करायला देशभरातून शास्त्रज्ञ येतात. आपली किती मुले आजवर तिथवर गेली आहेत? २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमिकंडक्टर मिशन जाहीर केले आणि शेजारच्या गुजरातेत साणंद, धोलेरा येथे चिपचे प्रकल्प घेण्यात आले. या कामाला नुसती संगणकाची भाषा जाणणारी माणसे पुरणार नाहीत. पदार्थ, उष्णता, प्रकाश आणि वीज यांची समज असलेली माणसे लागतील.

विश्वस्त मंडळासाठी नॉइसच्या चरित्रात एक खास पान आहे. १९६२ मध्ये तो आपल्या जुन्या कॉलेजचा विश्वस्त झाला. इंटेल सुरू होत असताना ग्रिनेल कॉलेज आणि त्याचे दोन विश्वस्त यांनी मिळून ३ लाख डॉलर त्या कंपनीत गुंतवले. ज्या मुलाला वीस वर्षांपूर्वी सत्रभर घरी पाठवले होते, त्याच्यावर कॉलेजने विश्वास टाकला. ती रक्कम कित्येक पटींनी परत आली आणि कॉलेजचा निधी भक्कम झाला. तिथल्या विज्ञान इमारतीला आज नॉइसचेच नाव आहे. गेल सरांनी पत्र लिहून साहित्य मागवले, तेव्हा कुणी त्यांना "याचे भाडे किती येईल?" असे विचारले नसावे. शाळेच्या उत्पन्नाची चिंता आम्हालाही आहे. पगार, वीज, छपराची डागडुजी, सगळे आम्ही रोज पाहतो. तरीही काही खोल्यांचे उत्पन्न महिन्याच्या जमाखर्चात दिसत नाही, वीस-तीस वर्षांनी दिसते.

म्हणून मंडळापुढे आमच्या विनंत्या अशा. पहिली, प्रात्यक्षिकांच्या जोड-तासिका आहेत तशाच ठेवाव्यात. दुसरी, शाळेच्या आवारात शिकवणी हवीच असेल तर तिला दुपारनंतर रिकामे असणारे वर्ग द्यावेत. प्रयोगशाळा देऊ नये. तिसरी, प्रयोगशाळा सहायकाची रिकामी जागा भरावी, कारण एका शिक्षकाने चाळीस मुलांच्या जोडण्या तपासणे शक्य नाही. चौथी, शनिवारी दुपारी दोन तास प्रयोगशाळा आठवीपासूनच्या सर्व मुलामुलींना खुली असावी. तिथे एक 'मोडतोडीचे टेबल' असेल. पालकांनी घरातले बंद पडलेले रेडिओ, पंखे, मिक्सर, घड्याळे भंगारवाल्याला देण्यापूर्वी शाळेला द्यावेत. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुले ते खोलतील. जोडता आले तर उत्तमच; नाही जोडता आले तरी आत काय असते ते तर कळेल.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मुलाने भौतिकशास्त्र आवडते म्हटले तर पगाराचा प्रश्न दोन वर्षे मागे ठेवा. त्याला काय आवडते ते आधी विचारा: सूत्रे आवडतात, की वस्तू खोलून पाहणे आवडते, की एखादी गोष्ट अशीच का होते हा प्रश्न सतावतो? उत्तर ऐकून मग आमच्याकडे या. अभियांत्रिकी, शुद्ध विज्ञान, अध्यापन, सर्व वाटांची माहिती आम्ही देऊ. आणि ही गोष्ट मुलींच्या बाबतीतही तितकीच लागू आहे. "तिला कशाला तारा-बिरा" हे वाक्य आता आपल्या समाजातून जायला हवे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला वाटेल की सरांनी मोठ्या माणसाची गोष्ट सांगून शेवटी प्रयोगवही पूर्ण करायलाच सांगितले. तसेच समजा! वही मात्र स्वतःच्या आकड्यांची भरा. आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर खोडू नका, का जुळला नाही ते लिहा. आम्ही त्याचे गुण कापणार नाही.

राहता राहिला 'फार तर मास्तर' हा शेरा. नॉइस गेल्यानंतर त्याच्या कुटुंबाने त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढले आणि २०१५ पर्यंत ते शाळांतले गणित-विज्ञानाचे शिक्षण सुधारण्यासाठी झटले. अमेरिकेच्या सरकारने २००२ पासून नॉइसच्या नावाने एक शिष्यवृत्ती सुरू केली आहे. जगातल्या एका बलाढ्य कंपनीच्या संस्थापकाच्या नावाची ही शिष्यवृत्ती कारखानदार होऊ पाहणाऱ्यांना मिळत नाही. विज्ञान आणि गणित शिकून जे शाळेत शिक्षक होऊ इच्छितात, त्यांना ती मिळते. नॉइस घडला तो कुणामुळे, हे ती ठरवणाऱ्यांना नीट ठाऊक असावे.

मंडळाची बैठक लवकरच आहे. पालकांनी आपली मते, आमच्या मताविरुद्ध असली तरीसुद्धा, लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत. ती सर्व बैठकीत वाचली जातील.